आईबापांचीं पावलें आणि मुलांची चाल

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी घरांत बहुधा दोनच प्रसंगीं ऐकूं येते. मूल हट्टी निघालें म्हणजे, किंवा त्याच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे. मुलाच्या हातापायांची चपळता कोणत्या खाणींतून आली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मूल दिवसभर एका जागीं बसून राहतें, हातांतला मोबाईल सोडीत नाहीं, मैदानावर पाठविलें तर कंटाळून परत येतें, ही तक्रार आज घरोघरीं आहे. आणि तिचें खापर कधीं शाळेच्या अभ्यासावर, कधीं यंत्रांवर, तर कधीं मुलाच्या आळसावर फोडलें जातें. या तिहींचा दोष थोडाबहुत असेलही. परंतु गेल्या कांहीं दशकांत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनीं मुलांच्या हालचालीचें प्रत्यक्ष मोजमाप करून जें पाहिलें आहे, त्यावरून असें दिसतें कीं, मुलाच्या चपळतेचा विचार त्याच्या आईबापांच्या पावलांपासून सुरू करणें अधिक योग्य होय. आईबाप स्वतः किती हालतात, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं कसे जातात, या दोन सवयी मुलांपर्यंत पोंचतात. त्या कोणत्या वाटेनें पोंचतात, हें समजून घेणें हा येथील विषय आहे.

प्रथम ‘हालचाल’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. व्यायाम म्हटला कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें जोर, बैठका, सूर्यनमस्कार अथवा हल्लींची जिम उभी राहते. शरीर मात्र असा भेद करीत नाहीं. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५३ मध्यें लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची एक पाहणी प्रसिद्ध केली. गाडीचा चालक दिवसभर आपल्या आसनावर बसून असे. वाहक तिकिटें देण्यासाठीं गाडीचा जिना सारखा चढे आणि उतरे. गाडी एक, रस्ता एक, शहरही एकच. तरी वाहकांत हृदयविकाराचें प्रमाण चालकांपेक्षां कमी आढळलें. भरतीच्या वेळींच चालक अंगानें कांहींसे अधिक स्थूल असत, हेंही त्याच संशोधकांनीं पुढें दाखवून दिलें. तथापि नंतरच्या अनेक पाहण्यांनीं मूळ निष्कर्षास पुष्टिच दिली. त्या वाहकांनीं कोणत्याही आखाड्यांत पाऊल टाकलें नव्हतें. त्यांचा आखाडा त्यांच्या रोजच्या कामांतच होता. मुलांच्या बाबतींतही हीच गोष्ट खरी आहे. क्रीडांगणावरील अर्धा तास जसा हिशेबांत धरावयाचा, तसाच शाळेच्या वाटेवरील अर्धा तासही धरावयाचा.

हा हिशेब किती व्हावा, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें सांगितलें आहे. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं सरासरीनें रोज ६० मिनिटें, श्वास जलद होईल इतपत हालचाल करावी. प्रौढांनीं आठवड्याकांठीं १५० ते ३०० मिनिटें करावी. हें प्रमाण कांहीं फार मोठें नाहीं. तरीही १४६ देशांतील माहिती एकत्र केली असतां, २०१६ मध्यें अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ मुलें या मर्यादेपर्यंत पोंचत नव्हतीं असें दिसून आलें. भारतांत हें प्रमाण सुमारें तीनचतुर्थांश होतें. २०२२ च्या प्रौढांचा हिशेब पाहिला तर जगांत शेंकडा ३१ माणसें अपुरी हालचाल करीत होतीं; भारतांत जवळजवळ निम्मीं; आणि भारतीय स्त्रियांत शेंकडा ५७ च्या आसपास. मुलांच्या आळसाविषयीं तक्रार करणाऱ्या घरांतील वडील मंडळींनीं हे आंकडे मुद्दाम शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार?

अर्थात् म्हण हा पुरावा नव्हे. पुरावा मोजमापांतूनच मिळावयास हवा. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत फ्रॅमिंगहॅम नांवाचें गांव आहे. हृदयविकाराचीं कारणें शोधण्यासाठीं तेथील रहिवाशांची पाहणी १९४८ मध्यें सुरू झाली, आणि त्या पाहणीमुळें त्या गांवाचें नांव वैद्यकशास्त्रांत सर्वतोमुखीं झालें. त्याच परंपरेंतील मुलांविषयींची एक पाहणी १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली. चार ते सात वर्षांचीं १०० मुलें आणि त्यांचे आईबाप यांच्या अंगावर हालचाल मोजणारें लहानसें यंत्र बांधून त्यांचे कांहीं दिवस नोंदविण्यांत आले. यंत्राचा मोठा लाभ असा कीं, तोंडी उत्तरांवर विसंबावें लागत नाहीं. कारण व्यायामाविषयीं विचारलें असतां मनुष्य केलेल्या व्यायामापेक्षां मनांत योजलेला व्यायामच अधिक सांगतो. या मोजणींत असें आढळलें कीं, आई चपळ असेल तर मूल चपळ असण्याचा संभव दुप्पट होतो. वडील चपळ असतील तर तो साडेतीनपट होतो. आणि दोघेंही चपळ असतील तर, दोघेंही बैठे असलेल्या घरांतील मुलांच्या तुलनेनें, तो ५.८ पट होतो. पुढें इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरांत चार वर्षांचीं मुलें व त्यांच्या माता अशा ५५४ जोड्यांची पाहणी झाली व ती २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांतही आईची हालचाल जितकी अधिक, तितकी मुलाची अधिक, असाच संबंध दिसला.

येथें सावध वाचक एक शंका काढील. दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीमुळें दुसरी होते, असें थोडेंच आहे? ही शंका अगदीं रास्त आहे. चार वर्षांचें खोडकर मूल धावूं लागलें कीं आईला त्याच्या मागें धावावेंच लागतें. तेव्हां आईमुळें मूल चपळ झालें कीं मुलामुळें आई चपळ झाली, हें नुसत्या यंत्रावरून सांगतां येत नाहीं. बहुधा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडत असाव्यात. दुसरी शंका याहून गंभीर आहे. चपळ आईबापांच्या पोटीं चपळ मूल जन्मास आलें, तर तो रक्ताचाच गुण कशावरून नसेल? तसें असेल तर आईबापांनीं आपल्या सवयी बदलून कांहींच उपयोग होणार नाहीं; ज्याच्या नशिबीं जशी काया आली असेल, तशी त्यानें मुकाट्यानें वाहावी, इतकेंच काय तें उरेल.

या दुसऱ्या शंकेचें उत्तर जुळ्या भावंडांनीं दिलें आहे. जुळीं दोन प्रकारचीं असतात. एकाच बीजापासून झालेलीं जुळीं जन्मजात गुणांनीं जवळजवळ एकसारखीं असतात. दोन बीजांपासून झालेलीं जुळीं इतर सख्ख्या भावंडांइतकींच एकमेकांसारखीं असतात. घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना एकच मिळालेलें असतें. तेव्हां हालचालीचा गुण जर मुख्यतः रक्तांतून येत असेल, तर पहिल्या प्रकारचीं जुळीं दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षां एकमेकांशीं फारच अधिक जुळलीं पाहिजेत. ब्रिटनमध्यें नऊ ते बारा वर्षांच्या ११७ जोड्यांची यंत्रानें मोजणी करून २०१० मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध करण्यांत आला. मुलामुलांच्या एकंदर हालचालींत जो फरक दिसतो, त्यांतील शेंकडा ७३ भाग भावंडांच्या सामाईक परिस्थितीचा, म्हणजे घर, शेजार, शाळा यांचा आहे, असें तींत आढळलें. प्रौढांच्या बाबतींत मात्र चित्र पालटतें. सात देशांतील ३७,०५१ प्रौढ जुळ्या जोड्यांची पाहणी २००६ मध्यें प्रसिद्ध झाली. व्यायाम करणें न करणें यांतील जन्मजात भाग बहुतेक देशांत निम्म्यापासून शेंकडा ७० पर्यंत भरतो, असें तिच्यावरून दिसलें. हॉलंडमधील तरुण जुळ्यांच्या पाहणींत तर ही पालट कोणत्या वयांत होते तेंही दिसून आलें. सोळाव्या वर्षापर्यंत घरादाराचा प्रभाव मोठा. सतराव्या-अठराव्या वर्षीं तो ओसरूं लागतो. आणि त्यानंतर ज्याची त्याची प्रकृति पुढें येते.

या निष्कर्षाचा अर्थ घरच्या भाषेंत सांगावयाचा तर असा. मूल लहान आहे तोंवर त्याची चाल घराच्या हातांत असते. तें मोठें झालें कीं ती घराच्या हातून जाते. ज्या वर्षांत आईबापांचें वर्तन परिणामकारक होतें, तीं वर्षें मोजकींच आहेत. तीं परतून येत नाहींत. “सध्यां अभ्यास महत्त्वाचा, व्यायाम काय, पुढें करील,” असें म्हणून जें घर हीं वर्षें घालवितें, तें घर नेमकी तीच वेळ दवडतें जेव्हां त्याच्या शब्दाला नव्हे, तरी त्याच्या उदाहरणाला किंमत असते.

मात्र उदाहरण या शब्दाविषयींही एक गैरसमज दूर केला पाहिजे. वडील पहाटे उठून एकटेच फिरावयास जातात, मूल अंथरुणांत असतें. आई आठवड्यांतून तीन वेळां योगवर्गाला जाते, मूल त्या वेळीं शिकवणीला असतें. अशा घरांत आईबाप चपळ असतात, परंतु मुलाला त्यांची चपळता दिसतच नाहीं; त्याला दिसतात ते संध्याकाळीं दमून खुर्चींत बसलेले आईबाप. आईबाप व मुलें यांच्या हालचालीविषयीं झालेल्या शंभरांहून अधिक पाहण्या एकत्र करून २०१५ मध्यें त्यांचें सार काढण्यांत आलें. त्यांत असें निघालें कीं, आईबापांच्या नुसत्या उदाहरणापेक्षां त्यांच्या साहाय्याचा मुलांच्या हालचालीशीं असलेला संबंध बराच अधिक बळकट असतो. साहाय्य म्हणजे काय? मुलाबरोबर खेळणें, त्याला मैदानापर्यंत नेणें, त्याचे बूट व चेंडू वेळेवर आणून देणें, त्याचा सामना पाहण्यास जाणें, त्याच्या प्रयत्नाचें कौतुक करणें. थोडक्यांत म्हणजे सोबत. पाहून शिकण्यापेक्षां बरोबर राहून शिकणें अधिक पक्कें होतें, हें कोणत्याही कारागिराच्या मुलाला सांगावें लागत नाहीं.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांत या सोबतीचीं ठळक उदाहरणें आहेत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं सूर्यनमस्काराचा पुरस्कार केला, तो केवळ फर्मान काढून नव्हे. ते स्वतः नियमानें नमस्कार घालीत, घरांतील मंडळींनाही त्यांनीं ती संवय लाविली, आणि मग संस्थानांतील शाळांत ते सुरू केले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढें स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशीं वावरले. आणि वडिलांकडून शिकलेल्या या व्यायामावर त्यांनींही स्वतंत्र पुस्तक लिहिलें. दुसरें उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचें. तेथील दादासाहेब जाधव हे स्वतः पैलवान होते. त्यांनीं आपल्या धाकट्या मुलाला अगदीं लहानपणींच आखाड्याची माती दाखविली. तोच मुलगा, खाशाबा जाधव, १९५२ मध्यें हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक पदकविजेता ठरला. अशा एकदोन उदाहरणांनीं शास्त्रीय सिद्धांत सिद्ध होत नाहीं, हें खरें. आणि प्रत्येक घरानें पदकविजेता घडवावा असेंही नाहीं. या दोन्ही घरांत समान अशी गोष्ट एकच होती. मुलानें जें करावें असें वडिलांना वाटत होतें, तें वडील स्वतः करीत होते, आणि मुलाला जवळ घेऊन करीत होते.

आतां दुसऱ्या सवयीकडे, म्हणजे प्रवासाच्या सवयीकडे वळावयाचें. व्यायामासाठीं वेळ काढावा लागतो. जाण्यायेण्याला तो द्यावाच लागतो. म्हणून शरीराच्या दृष्टीनें रोजची वाट ही व्यायामशाळेपेक्षांही भरंवशाची. एक साधा हिशेब करून पाहावा. लहान मूल तासाला चार किलोमीटर चालतें असें धरलें, तर एक किलोमीटरवरील शाळेस जाण्यास पंधरा मिनिटें व येण्यास पंधरा मिनिटें लागतात. आणि वाट झपाट्यानें चालली, तर साठ मिनिटांपैकीं जवळजवळ निम्मीं मिनिटें कोणताही वर्ग न लावतां, कोणतीही फी न भरतां पदरांत पडतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळा वर्षास किमान २०० दिवस चालतात. रोजचे दोन किलोमीटर धरले तर वर्षाचे ४०० किलोमीटर होतात. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीची वाट सुमारें २५० किलोमीटरांची आहे. म्हणजे जवळच्या शाळेंत पायीं जाणारें सात वर्षांचें मूल कोणताही गाजावाजा न करतां वर्षाकांठीं दीड वारी पुरी करितें.

हें चालणें जगांतून किती झपाट्यानें नाहींसें झालें, याचीं मोजमापें उपलब्ध आहेत. मेयर हिलमन व त्याचे सहकारी यांनीं इंग्लंडमधील कांहीं निवडक भागांत १९७१ मध्यें व पुन्हां १९९० मध्यें एकच प्रश्न विचारला. सात-आठ वर्षांचीं मुलें मोठ्या माणसांच्या सोबतीवांचून शाळेंत जातात काय? १९७१ मध्यें शेंकडा ८० मुलें अशी जात असत. १९९० मध्यें शेंकडा ९. अमेरिकेंत १९६९ मध्यें पांच ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४८ पायीं किंवा सायकलवरून शाळेंत जात. २००९ मध्यें हें प्रमाण शेंकडा १३ वर आलें. चाळीस वर्षांत मुलांचे पाय बदलले नाहींत. बदलली ती आईबापांची जाण्यायेण्याची रीति. घराच्या दाराशीं मोटार आली, ती वडिलांना कामावर नेऊं लागली, आणि वाटेंत शाळा असल्यामुळें मूलही तींत बसूं लागलें. जें घर वाण्याच्या दुकानापर्यंत वाहनावरून जातें, त्या घरच्या मुलाला अंतर पायांनीं मोजावयाचें असतें, ही कल्पनाच येत नाहीं. त्याच्या लेखीं पांचशें पावलें म्हणजे “लांब” असतें. कारण घरांत त्याला तसेंच ऐकूं येतें.

भारतांतील स्थिति अजून अगदीं तशी झालेली नाहीं. हैदराबाद येथें अकरा ते चौदा वर्षांच्या ५,८४२ मुलांची एक पाहणी झाली, ती २०१६ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत निम्म्याहून अधिक मुलें पायीं शाळेंत जातांना आढळलीं. आणि शाळेचें अंतर हेंच पायीं जाण्या-न जाण्याचें मोठें कारण दिसलें. यांतून सुशिक्षित घरांनीं एक गोष्ट विशेष टिपून ठेवावी. वर सांगितलेल्या कायद्याच्या नियमांत पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीसाठीं तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असें तत्त्व ठेविलेलें आहे. परंतु शहरांतील सुखवस्तु घर नामांकित शाळेच्या शोधांत पांच-सात, कधीं दहा किलोमीटर दूर जातें. शाळा निवडतांना तिचा निकाल, तिची भाषा, तिची इमारत, तिची फी यांचा विचार होतो. तिच्या वाटेचा होत नाहीं. आणि एकदां शाळा दूरची ठरली कीं पुढील दहा वर्षांचें चालणें त्याच दिवशीं रद्द होतें. मूल सकाळीं बसमध्यें बसतें, शाळेंत बाकावर बसतें, पुन्हां बसमध्यें बसतें आणि घरीं येऊन अभ्यासाला बसतें. मग तें मैदानावर जात नाहीं म्हणून त्यालाच बोल लावला जातो.

आईबापांच्या बाजूनेंही एक गोष्ट निःसंकोचपणें सांगितली पाहिजे. मुलाला वाहनावरून पोंचविण्यामागें केवळ आळस नसतो. भीति असते, आणि ती खोटी नाहीं. भारतांत २०२२ या एका वर्षीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा पायीं चालणारांचा होता. पदपथ फेरीवाल्यांनीं, उभ्या केलेल्या वाहनांनीं किंवा खोदकामानें अडलेले. रस्ता ओलांडावयाचा तर वाहनांच्या दयेवर. अशा वाटेवर सात वर्षांच्या मुलाला एकटें सोडा, असें कोणताही शहाणा मनुष्य सांगणार नाहीं. परंतु या भीतीच्या पोटीं एक विचित्र चक्र दडलेलें आहे. रहदारीच्या भयानें प्रत्येक घर आपल्या मुलाला वाहनांतून नेतें. त्यामुळें शाळेच्या दाराशीं वाहनांची गर्दी वाढते. आणि ती गर्दी पाहून जें एखादें मूल पायीं येत होतें, त्याचेही आईबाप उद्यांपासून स्कूटर काढतात. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वाहनाला भितो, आणि त्याचें स्वतःचें वाहन तिसऱ्याला भिवविते.

हें चक्र उलटें फिरवितां येतें, याचा दाखला नेदर्लंड्स देशानें घालून दिला आहे. आज तेथील मुलें सायकलवरून शाळेंत जातात, हें पाहून तो त्या लोकांचा उपजत गुण आहे असें कोणास वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९७१ मध्यें त्या लहानशा देशांत सुमारें ३,३०० माणसें रस्त्यांवर मरण पावलीं, आणि त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप संतापानें रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नांवाची चळवळ त्यांनीं उभारली, आणि हळूहळू वस्तींतील रस्ते मुलांच्या मापाचे करून घेतले. जपानांत याहून निराळी रीति आहे. तेथें पहिलीच्या वर्गांतील मुलेंही पायीं शाळेंत जातात. अनेक गांवीं शेजारचीं मुलें ठरलेल्या जागीं जमतात, वरच्या वर्गांतील मूल पुढें चालतें, आणि चौकांत वडीलधारीं माणसें उभीं असतात. एकट्या घराला जें जमत नाहीं, तें गल्लीला जमतें. इंग्लंडांत १९९८ पासून ‘चालती शाळागाडी’ हा प्रकार सुरू झाला. एक पालक पुढें, एक मागें, आणि मधें रांगेनें चालणारीं मुलें. गाडीप्रमाणेंच तिचे थांबे ठरलेले, वेळ ठरलेली. फक्त चाकें नाहींत. ज्या गृहसंकुलांतून एकाच शाळेंत जाणारीं आठ-दहा मुलें आहेत, तेथें ही गोष्ट पालकांनीं पाळीपाळीनें करणें मुळींच अवघड नाहीं. मग प्रत्येक पालकाचा वारही आठवड्यांतून एकदांच येईल.

ज्या घराची शाळा दूरच आहे, त्यानें निराश व्हावें असें नाहीं. बसचा थांबा घरापासून एक-दोन थांबे पुढचा निवडतां येतो. रिक्षा शाळेच्या दाराशीं न नेतां अलीकडे सोडतां येते. भाजी, वाचनालय, देऊळ, आजीचें घर, या एकदीड किलोमीटरच्या आंतल्या वाटा पायांसाठीं राखून ठेवतां येतात, आणि त्या वाटांवर मुलाला मुद्दाम बरोबर घेतां येतें. सुटीचा प्रवास आंखतांनाही मोटारींतून पाहावयाचीं दहा ठिकाणें ठरविण्यापेक्षां एखादा गड पायीं चढण्याचें ठरवावें. चालतां चालतां मूल बोलूं लागतें, हा त्यांतील आणखी एक लाभ. समोरासमोर बसवून विचारलें असतां जें मूल “कांहीं नाहीं” एवढेंच म्हणतें, तेंच शेजारून चालतांना वर्गांतील सारी हकीकत सांगतें.

या साऱ्यांत मातांचा प्रश्न मात्र वेगळा आणि नाजूक आहे. भारतीय स्त्रियांत अपुऱ्या हालचालीचें प्रमाण पुरुषांपेक्षां अधिक आहे, तें त्यांना आवड नाहीं म्हणून नव्हे. सकाळचा डबा, दुपारची नोकरी, संध्याकाळचा अभ्यास यांतून तिच्या वांट्यास स्वतःचा असा अर्धा तास येत नाहीं. आणि आला तरी तो फिरण्यांत घालविल्याबद्दल तिलाच अपराधी वाटावें, अशी घराची रीत असते. ज्या मुलीनें आपल्या आईला कधीं धावतांना, खेळतांना, भराभर चालतांना पाहिलें नाहीं, ती मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षीं मैदान सोडते, तेव्हां तिला कांहीं गमावलें असेंही वाटत नाहीं. मोठ्या बायका असेंच करितात, एवढेंच तिला ठाऊक असतें. म्हणून घरांतील इतर माणसांनीं आईचा तो अर्धा तास मोकळा करून देणें, ही तिच्यावर केलेली कृपा नव्हे. तिच्या मुलीच्या पुढील पन्नास वर्षांची ती तजवीज आहे.

मूल वर्षाचें झालें कीं आईबाप त्याचें बोट धरून त्याला चालावयास शिकवितात. तें पडतें, उठतें, पुन्हां चालतें. आणि सारें घर त्या पावलांचें कौतुक करितें. तें दोन-तीन वर्षांचें झालें कीं त्याला उचलून वाहनांत बसविलें जातें, आणि तें शिक्षण पुरें झालें अशी समजूत होते. वरील सर्व मोजमापें इतकेंच सांगतात कीं, तें शिक्षण पुरें झालेलें नसतें. तें पंधरासोळा वर्षें चालूं ठेवावयाचें असतें. त्याला शिक्षक ठेवावा लागत नाहीं, पुस्तक लागत नाहीं, फी लागत नाहीं. मुलाच्या शेजारून चालणारें एक मोठें माणूस मात्र रोज लागतें.